बाबांच्या टॅक्सीचं इंजिन

जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांइतकी रडकी जमात मी दुसरी पाहिलेली नाही. आणि रडक्या लोकांचा मला अनुभव कमी आहे असंही नाही. मी विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासते. दिवसभर लोक माझ्यासमोर बसून शपथेवर सांगतात की झाडच आपणहून रस्त्यात आलं. पण अपघातवाला माणूस निदान खरोखर कुठेतरी आपटलेला असतो. ह्या क्लबवाल्यांचं दुःख काय, तर विलायतेहून मागवलेल्या बंपरवर मुंबईच्या दमट हवेने डाग पडले. त्यावर अर्धा अर्धा तास चर्चा! एक जण तर डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. मला वाटलं, घरात कोणी गेलं की काय.

महिन्यातल्या एका रविवारी हे सगळे सकाळी जमतात. डोक्यावर सपाट टोप्या, त्याही लोकरीच्या. मुंबईत, लोकरीच्या! घाम कानामागून ओघळत असतो, पण टोपी काढायची नाही, कारण फोटो. मग एकमेकांच्या उघड्या बोनेटसमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि मान हलवायची. हात कोणी लावत नाही. हात लावायला ज्याने त्याने मिस्त्री ठेवलेला असतो, तो लांब सावलीत फडकं घेऊन उभा. साहेबांना विचारा, ह्यात ऑइल कुठलं घालता, तर साहेब मिस्त्रीकडे बघतात. आणि वर ह्याला म्हणायचं काय, तर पॅशन. डोंबलाची पॅशन.

मीही ह्याच क्लबात आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, बाई उंटावरून शेळ्या हाकतेय. माझ्याकडेही जुनी स्पोर्ट्स गाडी आहे, मीही ती शर्यतीत पळवते. फक्त माझी गाडी परळला आमच्या चाळीच्या आवारात, मंडळाच्या सामानाच्या शेडला टेकून, ताडपत्रीखाली उभी असते. त्या ताडपत्रीवर लोक हक्काने पापड वाळत घालतात. एकदा एका माउलीने सुकट पसरली होती. तो वास सीटमधून जायला पुढची दिवाळी उजाडावी लागली.

गाडी इटालियन. दोन माणसांची, छप्पर नसलेली, माझ्याहून वयाने मोठी. ती मला ठाकूरद्वारच्या एका वाडीत मिळाली. मालक डॉक्टर होते, ते वारले, मुलं परदेशात, आणि वाडी पाडायला निघालेली. गाडीत कोरफडीच्या कुंड्या ठेवल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांजर व्यालं होतं. इंजिन नव्हतंच. ते कोणी काढलं, कधी काढलं, ह्याबद्दल वाडीतल्या प्रत्येकाकडे वेगळी कथा होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याला खोटारडा म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे. इंजिन माझ्याकडे आहे.

ते बाबांच्या टॅक्सीचं होतं. बाबा गिरणीत होते. गिरणी गेली आणि ते काळी-पिवळी चालवायला लागले. लालबाग-परळच्या निम्म्या घरांत हीच गोष्ट आहे, तेव्हा हुंदका काढायचं काही कारण नाही. टॅक्सीचं वय संपलं आणि ती भंगारात द्यावी लागली तेव्हा बाबांनी तिचं इंजिन उतरवून घेतलं आणि जिन्याखाली ठेवलं. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "असू दे." एवढंच. पुढे ते स्वतःच फार टिकले नाहीत. इंजिन मात्र जिन्याखाली राहिलं आणि येणाजाणारा प्रत्येक जण त्याला गुडघा आपटून शिव्या घालत राहिला.

आता गंमत अशी की मुंबईची ती जुनी टॅक्सी आणि ही इटालियन बया, दोघी एकाच घराण्यातल्या. एक थोरली सून, दिवसभर राबणारी. दुसरी धाकटी, नटून हिंडणारी. एकीचं इंजिन दुसरीत बसतं. थोडं कापावं लागतं, थोडं जोडावं लागतं, पण बसतं. घोडपदेवच्या एका मिस्त्रीने ते बसवून दिलं. त्याने कामापेक्षा बोलण्यात जास्त वेळ घालवला आणि प्रत्येक शनिवारी "सोमवारी देतो" म्हणाला, पण दिलं. आरटीओत माझ्या चपला झिजल्या, ती वेगळी कहाणी.

मग मी त्या इंजिनाला ताकद आणायला लागले. तिथे मात्र मी मिस्त्रीला बोलू दिलं नाही. रविवारचे रविवार मी आवारात पाठीवर पडून काढले. वरच्या गॅलरीतून सल्ले यायचे, फुकटचे. ज्यांना घरातला नळ गळतो तो बंद करता येत नाही, ते मला सस्पेन्शन शिकवत होते. मी दोन मोठे कार्बोरेटर बसवले. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक समजा. टॅक्सीच्या नाकावर हवा गाळायला एक भलामोठा गोल पत्र्याचा डबा असायचा. माझ्या कार्बोरेटरवर साधी गाळणी आहेत, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी मी तीही काढून टाकते. इंजिन मोकळा श्वास घेतं, गाडी पळते. फक्त नाकपुड्या उघड्या राहतात, म्हणून गाडी उभी असताना मी त्यात स्वच्छ चिंध्या कोंबून ठेवते, आत काही जाऊ नये म्हणून.

आईला ही गाडी डोळ्यांसमोर नको. "लोक डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून बिल्डरच्या पाया पडतायत," ती म्हणाली, "आणि ह्या बायने छप्पर नसलेली गाडी आणली!" हे वाक्य चाळीत इतकं गाजलं की लोक अजून मला ऐकवतात. आम्ही दोघीच घरात. तिची माझ्याशी बोलायची पद्धत म्हणजे भांड्यांशी बोलायचं आणि मला ऐकू जाईल असं बोलायचं. "तुझ्या बापाने त्या इंजिनावर घर चालवलं," ती कढईला सांगायची, "आणि त्याची लेक त्याच्यावर बसून हवा खाते." तिचे गुडघे गेलेत. आमचा जिना लाकडी आणि उभा. डॉक्टरकडे जायचं असलं तरच ती खाली उतरते, आणि तेव्हाही गाडीशेजारून जाताना मान दुसरीकडे.

मी तिला काही सांगत नाही. सांगून उपयोग काय? कुठे चाललीस, तर गाडी घेऊन. कधी येशील, तर संध्याकाळी. एवढ्यावर आमचं भागतं.

क्लबात एक गृहस्थ आहेत. राहतात टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना टेकडीकर म्हणते. त्यांची गाडी विलायती, हिरवी. हिरवा रंगही विलायतेचा, म्हणजे डब्यातून आलेला, आणि तो लावायला माणूसही तिकडूनच आला होता. टेकडीकर क्लबाच्या नियमांच्या समितीचे प्रमुख आहेत. ज्याला स्पॅनर उजवीकडे फिरवला की सुटतं का आवळतं हे सांगता येत नाही, तो नियम करतो. आपल्याकडे सगळीकडे असंच चालतं, गाड्यांचाच काय दोष!

तर पावसाळ्यानंतरच्या मीटिंगमध्ये टेकडीकरांनी नवा नियम आणला. पुढच्या वर्षीपासून शर्यतीत फक्त मूळ इंजिनाच्या गाड्या. दुसरं इंजिन बसवलेलं असेल तर प्रवेश नाही. का? तर त्यात गाडीचा आत्मा असतो. आत्मा! हा माणूस सिग्नलला गजरे विकणाऱ्या बाईला बघून काच वर करतो, आणि ह्याला लोखंडात आत्मा दिसतो.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "माझ्या गाडीला मूळ इंजिन नव्हतंच. तिच्याच घराण्यातलं इंजिन आहे, पार्ट न पार्ट जुळतो. ते का नाही चालणार?"

टेकडीकर हसले. त्यांचं हसणं म्हणजे वेटरला टिप देताना माणूस हसतो तसं. "मॅडम, नो ऑफेन्स," ते म्हणाले, "पण टॅक्सी इज टॅक्सी. उद्या मीटर पण लावाल."

हॉल हसला. खो खो वगैरे नाही. सभ्य लोक हसतात तसं, नाकातून. एक जण म्हणाला, "भाडं नाकारेल ती!" मग पुन्हा हसले. माझे कान तापले. ह्या लोकांनी आयुष्यभर कुठल्यातरी काळ्या-पिवळीच्या मागच्या सीटवर बसून पुढच्या माणसाच्या मानेकडे बघितलेलं असणार. ती मान माझ्या बापाचीही असेल. मला त्या सगळ्यांचा असा राग आला की समोरची सँडविचची बशी उचलून भिरकावावीशी वाटली. नाही भिरकावली. मी विमा कंपनीत आहे, नुकसानीचा विचार आधी येतो.

दसऱ्याची शर्यत अजून बाकी होती. तिला जुनाच नियम लागू. आमच्या क्लबाची रीत अशी की दोन दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सुटायचं, सरळ धावपट्टीवर पलीकडच्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत. कोणाशी पळायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, पण नाव घेऊन आव्हानही देता येतं. मी तिथल्या तिथे टेकडीकरांचं नाव घेतलं. आता नाही म्हणायची सोय नव्हती, सगळ्यांसमोर होतं.

मला कप नको होता. कपाला घरात जागाही नाही. मला एकदाच, फक्त एकदा, टॅक्सीचं इंजिन त्या हिरव्या गाडीच्या पुढे गेलेलं बघायचं होतं. त्यानंतर त्यांनी मला काढलं काय, ठेवलं काय. गाडी ताडपत्रीखाली सडली असती तरी मी हूं का चूं केलं नसतं. पण एकदा.

घरी मी ह्यातलं काहीच बोलले नाही. आईला काय सांगणार, की तुझ्या नवऱ्याच्या इंजिनाला हसले? आणि पुढच्या वर्षीपासून बंद आहे म्हटलं असतं तर तिने पेढे वाटले असते. तेवढं सुख तिला कशाला द्यायचं, असं माझ्या मनात आलं. एवढंच म्हटलं, दसऱ्याला मी नाही, शर्यत आहे. ती कढईला म्हणाली, "सणासुदीचंसुद्धा घरात पाय ठरत नाय."

खंडेनवमीला ऑफिसला निघण्यापूर्वी मी गाळणी काढली, कार्बोरेटरच्या तोंडांत चिंध्या कोंबल्या, बोनेट लावून ताडपत्री ओढली. संध्याकाळी आले तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं. दसऱ्याला पहाटे टेम्पो आला. गाडी वर चढवताना चाळीतले चौघे धरायला आले आणि आठ जण कसं धरायचं ते सांगायला आले.

शर्यतीची जागा घाटाखाली, एका वापरात नसलेल्या खासगी धावपट्टीवर. तिथे क्लबाने पांढरा मांडव घातला होता. बायका रुंद काठाच्या हॅट घालून बसल्या होत्या, जेवणाच्या वेताच्या टोपल्या होत्या, आणि आकाशात फोटो काढायचं ते भुंग्यासारखं यंत्र घोंघावत होतं. दसरा आहे म्हणून टेकडीकरांनी हिरव्या गाडीला झेंडूची माळ घातली होती. फोटोग्राफर आला, फोटो झाला, आणि लगेच मिस्त्रीला सांगून माळ काढवली. "वजन," ते मला म्हणाले. अर्धा किलो झेंडू! स्वतःचं पोट स्टिअरिंगला घासतंय ते दिसलं नाही.

"ऑल सेट, टॅक्सी?" त्यांनी विचारलं. गाडीला विचारलं की मला, कळलं नाही.

"बसा," मी म्हटलं. "सोडते तुम्हाला."

मी बोनेट उघडून चिंध्या काढल्या, खिशात कोंबल्या, गाडी चालू केली. ऊन डोळ्यावर होतं आणि माझं सगळं लक्ष शेजारच्या हिरव्या गाडीकडे. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. टॅक्सीचं इंजिन सकाळी पहिल्या फटक्यात लागतं, त्याला तशी सवय असते. आम्ही हळूहळू रेषेवर आलो. त्यांची गाडी माझ्या उजवीकडे. त्यांनी हातमोजे चढवले, कातड्याचे. मी ओढणी कमरेला घट्ट बांधली.

झेंडा पडला. टेकडीकरांनी ॲक्सिलरेटर असा दाबला की त्यांची चाकं जागच्या जागी फिरली आणि नुसता धूर. धूर छान निघाला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मी गेले होते. पहिला गिअर, दुसरा. बाबांचं इंजिन, जे आयुष्यभर पेडर रोडचा चढ चार पॅसेंजर आणि डिकीत सामान घेऊन कुथत कुथत चढलं, ते आता मोकळं गात होतं. हिरवं बोनेट माझ्या कोपराशी आलं, थोडं रेंगाळलं आणि मागे पडलं. मी त्याला मागे पडताना बघितलं. आरशात त्यांची टोपी दिसली. मी मोठ्याने ओरडले, बाबा ओरडायचे तेच, "आवशीचो घो!" हे छापण्यासारखं नाही, पण तेच ओरडले. पांढरा पट्टा समोर दिसत होता.

तिसरा गिअर टाकायला मी क्लच दाबून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिनाचा आवाज खाली आलाच नाही.

पाय वर, आणि इंजिन किंचाळतंय. ॲक्सिलरेटर सुटलाय, पण आत कार्बोरेटरची झडप उघडीच राहिलीय. क्लच सोडला असता तर गाडी हातातून गेली असती. क्लच दाबून धरला असता तर इंजिन स्वतःच फुटलं असतं. बाजूला गवत, त्यापलीकडे दगडी कुंपण, आणि माझ्या डोक्यावर छप्पर नाही. मी घाबरले. खरं सांगते. मी चावी फिरवून बंद केली.

आणि मग शांत. फक्त वारा. गाडी आपल्या जोरावर घरंगळत राहिली, हळू, आणखी हळू. उजवीकडून हिरवी गाडी आली आणि निघून गेली. टेकडीकरांनी हात वर केला, आधीच जिंकल्यासारखा. पट्टा माझ्यापासून हाकेवर होता. गाडी तिथपर्यंतसुद्धा गेली नाही.

मांडवातून पहिलं वाक्य आलं ते हेच, "टॅक्सी बंद पडली!" काय तो आनंद! जणू काही त्यांनी स्वतः काहीतरी केलं होतं.

मी उतरले, बोनेट उघडलं आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहिलं. आत, झडपेच्या कडेला, भिंतीशी अडकलेला तांदळाचा दाणा होता. लाल. आणखी दोन दाणे वर तोंडाला चिकटलेले. आणि नीट पाहिलं तर बोनेटच्या आतल्या बाजूने, कोपऱ्यात, हळदीकुंकवाची बोटं.

क्षणात सगळं कळलं. टॅक्सी होती तेव्हा दरवर्षी बाबा बोनेट उघडून द्यायचे आणि आई थेट इंजिनाची पूजा करायची. नुसत्या बाहेरच्या पत्र्याची नाही. पत्रा कुठे काम करतो, असं तिचं म्हणणं. इंजिनाला हळदकुंकू, इंजिनावर अक्षता, पुढे नारळ. गिरणगावातल्या प्रत्येक टॅक्सीचं असंच व्हायचं आणि कोणाचंही कधी काही बिघडलं नाही, कारण वर तो पत्र्याचा डबा घट्ट बसलेला असायचा. अक्षता डब्यावर पडायच्या आणि दादरपर्यंत उडून जायच्या. इथे डबा नव्हता. चिंध्या होत्या, आणि पूजेत चिंध्या तिला कशा चालणार? तिने त्या काढल्या असतील, मनोभावे अक्षता वाहिल्या असतील, आणि घरातल्या टापटिपीच्या सवयीने चिंध्या पुन्हा जशाच्या तशा कोंबल्या असतील. वर ताडपत्रीही नीट ओढली. जन्मात कधी गाडीकडे मान वळवली नाही त्या बाईने.

टेकडीकर टाळ्या घेत घेत परत आले आणि माझ्या खांद्यावरून वाकले. "राइस?" त्यांनी विचारलं. मग मांडवाकडे वळून ओरडले, "शी वॉज कॅरिइंग लंच!"

मी त्यांच्याकडे बघितलं. सांगणार काय आणि कोणाला? ज्याने माळ फोटोपुरती घातली त्याला अक्षता काय कळणार? बोनेट आपटलं आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

परतीच्या वाटेवर मी टेम्पोत पुढे बसून आईला मनातल्या मनात इतकं बोलले, इतकं बोलले, की परळ येईपर्यंत तोंड कडू झालं. टेम्पोवाल्याने एकदा विचारलं, ताई काय झालं, आणि माझा चेहरा बघून रेडिओ लावला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती, दोन्ही गुडघ्यांना तेल चोळलेलं, मांडीवर आपट्याची पानं. मला बघून तिने एक पान पुढे केलं. "सोनं घे."

मी घेतलं नाही. "काल खाली उतरली होतीस?"

"उतरले होते."

"कशाला?"

"पूजेक," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचं इंजिन आहे ते. तू काय करणार नाहीस, म्हटलं आपण करावी."

मग माझा बांध फुटला. कार्बोरेटर म्हणजे काय, उघडं तोंड म्हणजे काय, चिंध्या कशाला असतात, तांदूळ आत गेला की काय होतं, सगळं मी तिच्या अंगावर ओरडले. गॅलरीतली तीन दारं उघडली. झडप अडकली हे सांगितलं. पुढचं, कुंपणाचं, सांगितलं नाही. इंजिन बंद पडलं एवढंच म्हटलं. तेवढी अक्कल माझ्यात होती.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हरलीस?"

"हरले! तुझ्या अक्षतांनी हरले!"

"बरं झालं," ती म्हणाली. "मी तेच मागितलं होतं."

"कोणाकडे?" मी विचारलं.

"शेजारणीने मोबाइलवर दाखवलं मला," ती म्हणाली. "अशीच गाडी, छप्पर नसलेली. उलटी झाली आणि पुन्हा उलटी झाली. आत माणूस होता. मला दोन रात्री झोप नाय. मग गावच्या देवीला सांगितलं, आये, हिला धड परत आण, आणि हिला हरव. हरली म्हणजे नाद सुटेल. जिंकली की पुढच्या वर्षी परत जाईल ती. ओटी भरीन म्हटलंय."

मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. एवढी मोठी ती क्लबातली माणसं, एवढे त्यांचे पैसे, एवढी ती हिरवी गाडी, त्यांच्याकडून माझं काही वाकडं होत नव्हतं. मला हरवायला माझ्याच घरातून नवस गेला होता, आणि तो घेऊन माझी आई गुडघ्यांवर तो जिना उतरली होती.

"अगं आई, हे शेवटचंच होतं!" मी म्हटलं. "पुढच्या वर्षी मी जाणारच नव्हते. मला घेणारच नाहीयेत. नियम केलाय त्यांनी."

"कसला नियम?"

मग मी सांगितलं. उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. मूळ इंजिन लागतं ते. टॅक्सी इज टॅक्सी ते. मीटर लावा म्हणाले ते, भाडं नाकारेल म्हणाले ते. अख्खा हॉल कसा नाकातून हसला ते. मला एकदाच त्या माणसाच्या पुढे जायचं होतं, बाबांच्या इंजिनाने, आणि मी गेले होते, पट्टा दिसत होता.

आईचा हात मांडीवरच्या पानांवर थांबला होता.

"ह्यांच्या टॅक्सीला हसले?" तिने विचारलं.

"हसले."

तिने मांडीवरची पानं बाजूला ठेवली. मग पदराने तोंड पुसून, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मग आधी सांगायचंस ना गो. मी जिंकव म्हटलं असतं."